कानाचे दुखणे आणि हातातला फोन

मराठी भाषेने कानाला मोठा मान दिला आहे. वडीलधारी माणसे आपले कान टोचतात, चहाडखोर दुसऱ्याचे कान फुंकतात, एखादा अधिकारी हलक्या कानाचा निघतो आणि एकदा ठेच लागली की माणूस कानाला खडा लावतो. परंतु खरोखरीच्या कानाचे काही बिनसले तर आपण बहुधा जे करतो, त्यालाही आपल्या भाषेत अचूक शब्द आहे : कानाडोळा. डोळ्यांना अंधूक दिसू लागले तर माणूस चष्मा करायला निघतो; कानांना कमी ऐकू येऊ लागले तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो आणि वर घरातल्यांनाच म्हणतो, 'जरा नीट बोलत जा.'

गेले वर्षभर मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ओळखीच्या घरांतून एक साधा प्रश्न विचारीत होते. कानाचा किंवा चक्करेचा त्रास झाला तर तुम्ही पहिल्यांदा काय करता? घरगुती उपाय आणि डॉक्टर, ही दोन उत्तरे मला अपेक्षित होती. तिसरे उत्तर त्यांच्याही आधी येऊ लागले : 'आधी फोनवर बघतो.' २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि वाडीवस्तीवर फोन पोहोचला. आता कुणी यूट्यूबवर उपाय शोधतो, कुणी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो, कुणी फेसबुकवरची जाहिरात उघडतो. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. तेव्हा औषध सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु माणसे आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात, कुणाला सांगतात आणि त्यांना काय उत्तर मिळते, हा तर आपल्याच अभ्यासाचा विषय आहे. म्हणून हा लेख.

फोन उघडणे हे मुळात चूक आहे असे मला वाटत नाही. मात्र फोनकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये यात भेद केला पाहिजे, आणि हा भेद समजण्यासाठी आधी कान म्हणजे काय हे थोडक्यात पाहावे लागेल.

कान दोन कामे करतो. ऐकण्याचे काम सर्वांना ठाऊक असते. तोल सांभाळण्याचे काम बहुतेकांना ठाऊक नसते. बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, पडद्यामागची हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन चिमुकली हाडे तो पुढे ढकलतात आणि शेवटी तो गोगलगाईच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत पोहोचतो. तेथील केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या पेशी त्या कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करतात. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावून पातळी पाहतो, तसेच काहीसे हे आहे. आपण मान वळवली की त्या नळ्यांतला द्रव हलतो आणि डोके कोणीकडे वळले हे मेंदूला कळते. शेजारच्या पिशवीसारख्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे आपल्या चुनखडीच्याच जातीचे, बारीक कण असतात. ते आपण उभे आहोत की आडवे, पुढे चाललो की मागे, हे सांगतात. या यंत्रणेचे धागे थेट डोळ्यांच्या स्नायूंशी जोडलेले असतात. म्हणूनच चालताना आपले डोके हलत असले तरी समोरची पाटी आपल्याला वाचता येते.

चक्कर कानातून येऊ शकते ही गोष्ट वैद्यकालाही उशिराच कळली. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत वैद्य असलेले प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली प्रथम ती ठामपणे मांडली. तोवर अशी चक्कर मेंदूतील रक्ताच्या दोषाने येते असे मानले जाई. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले की, रुग्णाचा कान फार गार किंवा फार गरम पाण्याने धुतला तर त्याला गरगरते आणि त्याचे डोळे विशिष्ट दिशेने थरथरतात. या संशोधनासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुखणे कानात आणि त्याची खूण डोळ्यांत, हा या शास्त्राचा पाया आहे. तो लक्षात ठेवावा, कारण फोनची मर्यादा इथेच सुरू होते.

आता भाषेकडे वळू. आपल्याकडे चक्कर, घेरी, भोवळ, अंधारी असे निरनिराळे शब्द आहेत. त्यांचे अर्थ गावागणिक थोडे बदलत असले तरी ते एकच नाहीत. भोवताली सगळे गरगर फिरते तो त्रास वेगळा. उन्हात उभे राहून डोळ्यांपुढे अंधारी येते तो वेगळा. डोके ठीक असते पण पाय ठरत नाहीत, चालताना झोक जातो, तो आणखी वेगळा. पहिल्यात कानाचा संशय अधिक, दुसऱ्यात रक्तदाब, अशक्तपणा किंवा हृदयाचा, तिसऱ्यात मज्जासंस्थेचा किंवा पायांतील संवेदनेचा. डॉक्टर म्हणूनच विचारतात, 'चक्कर म्हणजे नेमके काय होते?' फोन हे विचारीत नाही. आपण त्यात 'चक्कर येणे उपाय' असे लिहितो आणि तो पित्त, मान, रक्तदाब, अशक्तपणा, दृष्ट अशा सगळ्यांचे उपाय एका ओळीत समोर मांडतो. आपल्याकडे चक्करेचा दोष मानेच्या मणक्यावर टाकण्याची मोठी रीत आहे. यूट्यूबवर ती रीत आणखी फोफावली. मला भेटलेल्या एका काकूंनी अशा चित्रफिती पाहून कित्येक महिने गळ्याला पट्टा बांधला होता. प्रत्यक्षात त्यांचे वर्णन असे होते : 'आवो, झोपल्यावर कूस बदलली की आख्खी खोली फिरते. घटकाभरानं थांबते. बसले की काही नाही.'

हे वर्णन जाणत्या डॉक्टरला जवळजवळ रोगाचे नावच सांगून जाते. वर ज्या चुनखडीच्या कणांचा उल्लेख केला, ते कधी कधी आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत घसरतात. मग कूस बदलली किंवा मान वर केली की ते द्रवाला ढकलतात आणि डोके फिरत नसताना मेंदूला 'फिरते आहे' असा खोटा निरोप जातो. झटका बहुधा एक मिनिटाच्या आतच ओसरतो, पण घाबरलेल्या माणसाला तो घटकाभराचा वाटतो. कानामुळे येणाऱ्या चक्करेचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. त्याची परीक्षा पलंगावर होते : रुग्णाची मान एका बाजूला वळवून त्याला झटकन आडवे करतात आणि डॉक्टर त्याच्या डोळ्यांची थरथर पाहतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी ही तपासणी १९५२ साली सांगितली. उपायही तितकाच साधा आहे. अमेरिकेतील जॉन एप्ली यांनी डोके ठराविक क्रमाने वळवून ते कण पुन्हा मूळ जागी घरंगळत नेण्याची पद्धत शोधली. त्यांनी ती प्रथम दाखवली तेव्हा समव्यावसायिकांनी खिल्ली उडवली. तिचा सविस्तर शोधनिबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि आज ती जगभर वापरली जाते. तिला गोळी लागत नाही, सुई लागत नाही.

अशी हातांनी करावयाची क्रिया चित्रफितीत दाखवायला सोयीचीच. केविन कर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूट्यूबवरच्या अशा चित्रफिती तपासून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एप्लीची क्रिया दाखवणाऱ्या ३३ चित्रफितींपैकी २१ मध्ये ती बरोबर दाखवली होती आणि या साऱ्या मिळून सत्तावीस लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या होत्या. चित्रफितींखालच्या अभिप्रायांवरून असेही दिसले की, काही रुग्ण त्या पाहून स्वतःच क्रिया करीत होते आणि काही डॉक्टरही त्या पाहण्यास सांगत होते. म्हणजे तीनांतील जवळजवळ दोन चित्रफिती बरोबर होत्या. हे प्रमाण वाईट नाही, परंतु पाहणाऱ्याला आपल्यासमोरची कोणती हे कळायला मार्ग नसतो. शिवाय चित्रफीत बरोबर असली तरी आपले दुखणे तेच आहे का, आणि कण उजव्या कानात घसरले आहेत की डाव्या, हे ती सांगू शकत नाही. क्रिया बाजू पाहून करावी लागते. बाजू डोळ्यांच्या थरथरण्यावरून ठरते. आणि चित्रफितीतला माणूस आपले डोळे पाहत नसतो.

या संदर्भात मला दोन उदाहरणे सांगावीशी वाटतात. इंदापूर तालुक्यातील एका शिक्षिकेला असाच कूस बदलताना त्रास होई. त्यांनी आधी तज्ज्ञाला दाखवले, उजवा कान दोषी ठरला, क्रिया झाली आणि डॉक्टरांनीच पुढच्या वेळेसाठी एक चित्रफीत व्हॉट्सॲपवर पाठवली. काही महिन्यांनी त्रास उलटला तेव्हा त्यांनी डॉक्टरांना कळवून, ती पाहून, घरच्या पलंगावर क्रिया केली. दुसरे उदाहरण बारामतीजवळच्या एका वस्तीवरचे. साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांना सकाळी अचानक चक्कर आली. घरातील मंडळी फोनवर व्यायाम शोधून त्यांच्याकडून करवून घेऊ लागली. पुतण्याच्या लक्षात आले की काकांची जीभ जड झाली आहे आणि त्यांना एकाचे दोन दिसत आहेत. त्याने फोन खाली ठेवला आणि गाडी काढली. तो लहान मेंदूकडे रक्त न पोहोचल्यामुळे आलेला झटका निघाला. अशा वेळी तास मोजले जातात, आणि घरात चित्रफिती पाहण्यात गेलेला तास परत येत नाही. चक्करेबरोबर बोलणे अडखळणे, दोन दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, उभेच राहता न येणे किंवा पूर्वी कधी झाली नाही अशी डोकेदुखी असेल, तर फोनचा उपयोग एकच : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे.

ऐकण्याच्या बाबतीतही अशीच एक घाईची वेळ असते आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. कधी कधी एका कानाचे ऐकणे अचानक, तासाभरात किंवा दोनतीन दिवसांत, नाहीसे होते. माणसाला वाटते, दडे बसले, मळ साठला किंवा सर्दी आहे. ग्रुपवर विचारले की उत्तर ठरलेले असते : लसणाचे तेल कोमट करून सोडा. काही वेळा ते खरोखर मळामुळेच असते; परंतु आतल्या नसेचा दोष असेल तर उपचार लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू व्हावे लागतात; उशीर होईल तसतशी आशा कमी होत जाते. तेलाने वाट पाहायला लावलेले दिवस इथे महाग पडतात. वाहणाऱ्या कानाचेही तसेच. पडद्याला भोक असेल तर बाहेरून सोडलेले तेल किंवा रस थेट मधल्या कानात जातो. अशा कानाला कोरडे ठेवणे हीच पहिली काळजी होय.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी फोनच्या विरुद्ध फिर्याद मांडते आहे. तसे नाही. फोनने जे दिले ते दुसऱ्या कशानेही दिले नव्हते अशीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका आजोबांच्या कानात रात्रंदिवस 'गुंई' असा आवाज येतो. दिवसा कामात तो विसरतो, रात्री सारे निजल्यावर तोच एक ऐकू येतो. बाहेर आवाज नसताना कानात आवाज येणे हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे, आणि वर्षानुवर्षे यंत्रांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसांत ते पुष्कळदा आढळते. आजोबांना वाटे, आपल्याला भ्रम होतो आहे. म्हणून त्यांनी घरात कुणाला सांगितले नव्हते. नातवाने फेसबुकवर अशाच त्रासाच्या माणसांचा एक गट दाखवला. 'इतकी माणसं आहेत होय!' हे त्यांचे उद्गार मला फार बोलके वाटले. आवाज गेला नाही. एकटेपण गेले, आणि मग ते तपासणीलाही तयार झाले. परंतु अशा गटांतच रामबाण थेंब विकणारेही वावरत असतात. अमेरिकेतील हॉफ्स्ट्रा विद्यापीठातील श्रवणशास्त्रज्ञ अनिरुद्ध देशपांडे यांनी सहकाऱ्यांसह कानातील आवाजाविषयी फेसबुक, ट्विटर आणि यूट्यूबवर काय चालते याचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. आधार आणि चुकीची माहिती, दोन्ही तिथे एकत्र नांदतात असे त्यात दिसून आले. आजोबांचा अनुभवही याहून निराळा नाही.

कर्णबधिरांची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. टेलिफोन शोधणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे व्यवसायाने बधिर मुलांचे शिक्षक होते आणि त्यांची पत्नी मेबल बधिर होती. तरीही १८७६ साली जन्मलेले हे यंत्र पुढे दीर्घकाळ बहुतेक बधिरांच्या फारसे उपयोगाचे नव्हते. हातातल्या फोनवर समोरच्याचा चेहरा दिसू लागला तेव्हा कुठे टेलिफोन त्यांचा झाला. बारामतीच्या बसस्थानकावर फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून दोन्ही हातांनी खुणांच्या भाषेत बोलणारा तरुण मी पाहिला आहे. त्याला आपले दुखणे, आपली नोकरी, आपले लग्न यांविषयी आपल्याच भाषेत दूरच्या मित्राशी बोलता येते. १८८५ साली मुंबईत बधिर मुलांची शाळा निघाली. परंतु शाळा सुटली की गावाकडे परतलेला मुलगा पुन्हा एकटा पडे, कारण गावात ती भाषा जाणणारा दुसरा कुणी नसे. हे एकटेपण फोनने बरेच कमी केले. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने, जे २०१५ साली स्थापन झाले, आपल्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांच्या खुणा नोंदवल्या. त्या चित्रफितींच्या रूपाने कुणालाही पाहता येतात. ऐकू येणाऱ्या भावंडाने रोज पाच खुणा शिकल्या तरी घरातले वातावरण बदलेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या पन्नास लाखांहून अधिक नोंदली गेली. आपल्या वर्गातल्या, गल्लीतल्या अशा एकाशी आपण त्याच्या भाषेत 'कसा आहेस' एवढे तरी विचारू शकतो का, हा प्रश्न भाषा शिकणाऱ्या आपल्याला तरी पडायला हवा.

मात्र लहान मुलांच्या बाबतीत ग्रुपवरचा दिलासा फार घातक ठरू शकतो. वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नाही असे आईने लिहिले की उत्तरे येतात : 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचा बापही चार वर्षांनी बोलला होता'. ही उत्तरे प्रेमाने दिलेली असतात, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो. भाषा शिकण्याचा काळ मात्र थांबत नाही. जगातील तज्ज्ञांनी मान्य केलेले सूत्र असे आहे : पहिल्या महिन्यापर्यंत ऐकण्याची चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना. उपाय म्हणजे श्रवणयंत्र, काहींना आतल्या कानात बसवायचे कॉक्लिअर इम्प्लांट, आणि त्याबरोबर बोलण्याचे किंवा खुणांचे शिक्षण. यातले काहीही उशिरा सुरू झाले तर त्याचा परिणाम कमी होतो. ताट वाजवून पाहण्याने काही सिद्ध होत नाही. मूल ताटाच्या हादऱ्याने किंवा आईच्या हालचालीनेही वळते.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात त्यांची कोपी उभी राहते. त्यांची तान्ही मुले हंगामात इथे आणि नंतर गावी, त्यामुळे दोन्हीकडच्या तपासणीतून निसटण्याचा धोका असतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत जाऊन मुले तपासली जातात, आणि जन्मजात बधिरता त्यांच्या यादीत आहे. परंतु मूल त्या दिवशी फडात असेल तर? अशा टोळीतही निदान एक फोन असतोच. इथल्या अंगणवाडीताईचा क्रमांक त्या फोनमध्ये असला आणि पुढच्या तपासणीची तारीख त्यावर गेली, तर हेच यंत्र एका मुलाची भाषा वाचवील. त्यासाठी नवे काही शोधावे लागणार नाही. कुणीतरी क्रमांक देण्याचे मनावर घ्यावे लागेल.

यंत्रांच्या जाहिरातींविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. फेसबुकवर 'कानात घाला, लगेच ऐका' अशी स्वस्त यंत्रे दिसतात. त्यांतील पुष्कळशी केवळ आवाज मोठा करणारी असतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सगळेच स्वर सारखे कमी ऐकू येत नाहीत; कुणाला जाड आवाज ऐकू येतो, पण 'स', 'त', 'फ' यांसारखी बारीक व्यंजने निसटतात. म्हणून 'ऐकू येते पण कळत नाही' अशी म्हाताऱ्या माणसांची तक्रार असते. खरे श्रवणयंत्र ऑडिओमेट्री या तपासणीच्या आलेखाप्रमाणे जुळवावे लागते. नुसत्या मोठ्या आवाजाने गोंगाट वाढतो, उरलेल्या श्रवणालाही इजा होऊ शकते आणि शेवटी ते यंत्र कपाटात जाते. शिवाय दोन्ही कानांचा दोष ६० डेसिबल किंवा अधिक असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो अपंगत्व म्हणून धरला जातो आणि प्रमाणपत्र, सवलती व यंत्रासाठी मदत मागता येते. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, ज्या फोनवर आपण कानाचे उपाय शोधतो तोच कानात खुपसून आपण तासन् तास ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की मुदत निम्म्यावर येते. याच संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे, आणि असुरक्षित ऐकण्यामुळे शंभर कोटींहून अधिक तरुण धोक्यात आहेत. शेजारी उभ्या माणसाला आपल्या कानातले गाणे ऐकू येत असेल तर आवाज जास्त आहे, एवढी खूण पुरे.

मग फोन वापरावा तरी कसा? याचे उत्तर मला वैद्यकाच्या पुस्तकापेक्षा आपल्या शेतकऱ्यांच्या वागण्यात सापडले. इंदापूरकडे डाळिंब आणि द्राक्ष बागायतदारांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. पानावर डाग दिसला तर तिथे कुणी नुसते 'डाग पडलाय, औषध सांगा' असे लिहून थांबत नाही. पानाचा फोटो टाकतो. समोरून विचारले जाते : बागेचे वय काय, बहर कोणता, पाऊस कधी झाला, आधी काय फवारले? तेल्या आहे की बुरशीचा ठिपका हे ठरल्यावर मग सल्ला येतो, आणि तो कुणी दिला हेही पाहिले जाते. या शिस्तीला इथे जुना वारसा आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, स्मार्टफोन येण्याच्याही आधी, आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 'आक्वा' नावाची संगणकावरची प्रश्नोत्तरांची सोय उभी केली होती. शेतकऱ्याने मराठीत प्रश्न विचारायचा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे, अशी तिची रीत होती. उत्तर देणारा कोण हे माहीत होते. डाळिंबाच्या पानाला आपण जी काळजी देतो, ती आजीच्या कानाला का देऊ नये?

ती काळजी अशी असू शकेल. त्रास केव्हा सुरू झाला, किती वेळ टिकतो, कूस बदलल्याने होतो की उभे राहिल्याने, ऐकण्यात फरक पडला का, कानात आवाज आहे का, कोणता कान, आधीच्या गोळ्या कोणत्या, एवढे आपल्या साध्या मराठीत फोनवर लिहून ठेवावे. झटक्याच्या वेळी घरच्यांनी रुग्णाच्या उघड्या डोळ्यांची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घ्यावी. थरथर नंतर थांबली तरी डॉक्टरांना ती पाहता येते. ज्या फोनला आपले डोळे पाहता येत नव्हते, तोच आता डॉक्टरांचे डोळे आपल्यापर्यंत आणतो. मग हे घेऊन प्रत्यक्ष तपासणीला जावे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला जोडून रुग्णालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. पुण्याला ससून आहे. लांबचा प्रवास झेपत नसेल तर शासनाच्या ई-संजीवनी सेवेवर डॉक्टरांशी बोलता येते, आणि कुठे जायचे एवढे तरी तिथून कळते. व्हॉट्सॲपवर आलेला उपाय पुढे पाठवण्यापूर्वी तो कुणी सांगितला आणि कोणत्या दुखण्यासाठी सांगितला, एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात फोन चालवणारे आपणच आहोत. आजी विचारते, 'बघ गं, यावर काय लिहिलंय.' त्या क्षणी आपण जे शोधतो, वाचून दाखवतो आणि ज्यावर मान डोलावतो, तेच त्या घराचे औषध ठरते. शिकलेल्या मुलांवर ही जबाबदारी कुणी सोपवलेली नाही, ती आपोआपच येऊन पडली आहे. आजीला चित्रफीत लावून देण्याआधी तिच्याजवळ बसून, 'आजी, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं तुला?' एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात. पुढची वाट बहुधा तिच्या उत्तरातूनच सापडेल.